कृष्णेचं पाणी आणि कोरी बाटली

पिण्याच्या पाण्यात शिसं जास्तीत जास्त किती चालतं? भारतीय मानक १०५०० सांगतं, लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. हा आकडा नुसता वाचून कुणाच्याच डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही, म्हणून विचारायला आलेल्या माणसाला मी गावच्या टाकीचं सांगते. दहा लाख लिटरची टाकी धरा. तेवढ्या पाण्यात १० ग्रॅम, म्हणजे सराफाच्या आजच्या हिशेबानं एक तोळा शिसं विरघळलं की मर्यादा गाठली. कॅडमियम असेल तर ३ ग्रॅम पुरेत. पारा असेल तर एकच ग्रॅम. टाकीभर विखुरलेला तो तोळा शोधायचा, मोजायचा आणि तो नऊ ग्रॅम आहे की अकरा हे छातीवर हात ठेवून सांगायचं, हे आमचं काम.

सांगलीत पाणी तपासण्याच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. प्रयोगशाळेत येणारे लोक यंत्र बघतात. केवढ्याला आलं, परदेशी आहे का, एका नमुन्याला किती वेळ लागतो, असं सगळं विचारतात. बाटलीबद्दल कुणी विचारत नाही. आणि मला विचाराल तर निम्म्याहून जास्त काम त्या बाटलीतच असतं. यंत्र फक्त त्याच्या पुढ्यात ठेवलेलं पाणी वाचतं. त्या पाण्यातलं शिसं कृष्णेनं आणलं, की बाटलीच्या झाकणानं, की आमच्याच हातमोज्यानं, हे त्याला कळायचा काही मार्ग नाही.

बाटली पांढऱ्या, जाड पॉलिथिनची. झाकणही पांढरंच हवं, कारण रंगीत प्लॅस्टिकच्या रंगद्रव्यात धातू असू शकतात. झाकणाच्या आत पुठ्ठ्याची किंवा चकाकत्या पत्र्याची चकती असेल तर ती बाटली बाद. नवी कोरी बाटलीसुद्धा आधी साबणाच्या पाण्यानं धुवायची, मग नळाच्या पाण्यानं, आणि मग दहा टक्के नायट्रिक आम्लात निदान रात्रभर बुडवून ठेवायची. झाकणं वेगळी, त्यांचा टब वेगळा. आम्लात बाटली बुडवताना आत हवेचा बुडबुडा राहिला तर तेवढा भाग आम्लाशिवाय राहतो, म्हणून प्रत्येक बाटली तिरकी करून, बुडबुडा निघून गेला हे बघूनच खाली सोडायची. दुसऱ्या दिवशी काढून अतिशुद्ध पाण्यानं पुन्हा पुन्हा विसळायची. हे अतिशुद्ध पाणी म्हणजे बाजारातलं बाटलीचं पाणी नव्हे. त्यातले क्षार इतके काढून टाकलेले असतात की वीज त्यातून जेमतेम जाते, आणि यंत्राच्या पडद्यावर १८.२ मेगाओहम हा आकडा स्थिर दिसल्याशिवाय आम्ही ते घेत नाही. वाळलेली बाटली एका पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. नाव-गाव, तारीख लिहायची ती बाहेरच्या पिशवीवर.

नव्या मुली कामाला लागल्या की पहिले काही आठवडे त्यांच्याकडून एवढंच करून घेते. एम.एस्सी. झालेल्या मुलीला बाटल्या विसळायला लावल्या की तिच्या कपाळाला आठी पडतेच. ती आठी माझ्या ओळखीची आहे. मग एके दिवशी त्याच मुलीकडून मी दोन बाटल्या यंत्रावर लावून घेते. दोन्हींत तेच अतिशुद्ध पाणी, फरक इतकाच की एक बाटली आम्लात धुतलेली आणि एक दुकानातून आणलेली तशीच. पडद्यावर जस्ताचे दोन आकडे शेजारी शेजारी उमटतात. त्यानंतर मला काही सांगावं लागत नाही.

नदीवरही तीच शिस्त. नमुना घ्यायच्या दिवशी हातात बांगड्या नाहीत, अंगठी नाही. चेहऱ्याला पावडर नाही, ऊन लागू नये म्हणून चोपडायचं क्रीम नाही, कारण अशा बऱ्याच क्रीममध्ये झिंक ऑक्साइड असतं. घाटावरच्या मारुतीला हात जोडायचे, पण शेंदराला बोट लावायचं नाही. पारंपरिक शेंदूर हे शिशाचंच ऑक्साइड. त्याचा कणभर अंश बोटावर राहिला आणि त्या बोटानं बाटलीचं तोंड पुसलं, तर कागदावर अख्खी कृष्णा शिशानं भरेल.

नावेत आम्ही दोघी. एकीनं फक्त बाहेरच्या पिशवीला हात लावायचा, ती उघडून धरायची, वल्हं, दोर, वही सगळं तिनं बघायचं. दुसरीनं फक्त आतली पिशवी आणि बाटली, बाकी कशालाही स्पर्श नाही. नाव प्रवाहाच्या वरच्या दिशेला तोंड करून उभी करायची. बाटली बंदच पाण्याखाली न्यायची, हातभर खाली गेल्यावर झाकण काढायचं, तोंड वरच्या अंगाला करायचं, भरू द्यायची आणि पाण्याखालीच बंद करायची. पृष्ठभागावरचा तवंग आत येऊ द्यायचा नाही. पहिल्यांदा बरोबर आलेल्या नावाडी आबांनी लोखंडी नांगर टाकायला घेतला तेव्हा मी त्यांना थांबवलं.

"मग नाव हुबी कशी ऱ्हायची ओ ताई?"

"वल्ह्यावर धरा आबा, दहा मिनिटं. नांगर गाळ उकरतो आणि लोखंड पाण्यात पडतं."

"एवढ्याश्या लोखंडानं नदीला काय व्हतंय?"

"नदीला काही होत नाही. बाटलीला होतं."

आबांनी पुन्हा विचारलं नाही. पुढच्या वेळेला आम्ही पोचायच्या आधीच त्यांनी नांगर काढून काठावर ठेवलेला होता, आणि नावेतला गंजका डबासुद्धा. मला त्या माणसाचा फार आदर वाटतो. शिकल्यासवरल्या लोकांना जे तीनदा समजावून पटत नाही, ते त्यांनी एका वाक्यात घेतलं.

एक बाटली आमच्याबरोबर भरूनच जाते. तिच्यात प्रयोगशाळेतलं अतिशुद्ध पाणी असतं. ते नदीवर न्यायचं, तिथल्या वाऱ्यात उघडायचं, दुसऱ्या धुतलेल्या बाटलीत ओतायचं, त्यातही नमुन्याइतकंच आम्ल घालायचं आणि नमुन्यांबरोबर परत आणायचं. याला आम्ही फील्ड ब्लँक म्हणतो. नदीपर्यंत जाऊन नदी न पिता परत आलेलं पाणी. त्यात जे काही सापडेल ते आमचं, नदीचं नाही. अहवालातल्या सगळ्या आकड्यांत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा आकडा, आणि बहुतेक अहवालांत छापलेला नसतो तोही हाच.

हा सोवळेपणा वाटेल कुणाला. पण त्याच्याविना जग किती फसलं आहे ते बघा. अमेरिकन शास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन पृथ्वीचं वय काढायला निघाले होते. अशनीतल्या शिशाच्या समस्थानिकांवरून ते काढायचं, आणि प्रत्येक मापनात शिसं हवं त्याच्या कितीतरी पट येत होतं. हवेतून, काचेतून, आम्लातून, माणसांच्या अंगावरून. त्यांनी प्रयोगशाळाच धुऊन काढली, अतिस्वच्छ खोली उभी केली आणि मग १९५६ साली सुमारे ४५५ कोटी वर्षं हे उत्तर प्रसिद्ध केलं. ते उत्तर आजही टिकून आहे. पण त्यांना तिथं थांबवेना. आपल्या खोलीत एवढं शिसं शिरतं कुठून, या प्रश्नाचा माग काढत ते समुद्राच्या पाण्यापर्यंत आणि ग्रीनलंडच्या बर्फापर्यंत गेले, आणि पेट्रोलमध्ये घातलेलं शिसं जगभर पसरलंय हे त्यांनी दाखवून दिलं. भारतात शिसंविरहित पेट्रोल सगळीकडे आलं ते २००० साली. ब्लँक स्वच्छ येत नाही म्हणून अस्वस्थ झालेल्या एका माणसापासून ही गोष्ट सुरू झाली, हे मी माझ्या मुलींना आवर्जून सांगते.

नद्यांचंही तसंच झालं. १९९१ साली अमेरिकेतल्या एका शोधनिबंधानं दाखवून दिलं की पूर्व किनाऱ्यावरच्या नद्यांत विरघळलेले धातू सरकारी नोंदींपेक्षा प्रत्यक्षात कितीतरी कमी आहेत. सरकारी जाळ्यानं वर्षानुवर्षं गोळा केलेल्या आकड्यांतला मोठा वाटा नमुना घेताना आणि हाताळताना मिसळलेल्या धातूंचा होता. म्हणजे इतकी वर्षं नदी सुधारतेय की बिघडतेय हे ज्यावरून ठरवत होते, तो कागद नदीचा नव्हताच. त्यानंतर तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं दोन माणसांची, स्वच्छ हात आणि अस्वच्छ हात अशी वाटणी करून नमुना घ्यायची पद्धत रीतसर लिहून काढली. आबांच्या नावेत आम्ही करतो ती हीच.

आता यंत्राकडे येते, कारण तेही मला मनापासून आवडतं.

१८६० च्या सुमारास जर्मनीत बुन्सेन आणि किरखॉफ यांनी ज्योतीत पदार्थ धरून तिचा प्रकाश लोलकातून पाहिला. प्रत्येक मूलद्रव्य आपापल्याच रेषा दाखवतं, दुसऱ्याच्या नाही, हे त्यांनी ओळखलं. ड्युर्कहाइमच्या झऱ्याच्या पाण्यात त्यांना कुणाच्याच नसलेल्या दोन निळ्या रेषा दिसल्या आणि सीझियम हे नवं मूलद्रव्य सापडलं. पाण्यातला अदृश्य धातू प्रकाशानं पकडायची सुरुवात ही अशी एका झऱ्याच्या पाण्यातच झाली. पुढे १८६८ च्या ऑगस्टमधल्या खग्रास ग्रहणाच्या वेळी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन वर्णपटदर्शक घेऊन आले ते गुंटूरला, आपल्याच कृष्णेच्या मुखाकडच्या मुलखात. सूर्याच्या कडेच्या ज्वाला कशाच्या बनल्यात हे त्यांनी तिथून वाचलं. गुंटूरचं नाव निघालं की मला हे हटकून आठवतं.

आमचं अणुशोषण यंत्र, ज्याला आम्ही दिवसभर नुसतं एएएस म्हणतो, ते ऑस्ट्रेलियातल्या अॅलन वॉल्श यांनी १९५५ साली मांडलेल्या कल्पनेवर चालतं. शिसं शोधायचं तर शिशाचाच दिवा लावायचा. दिव्याच्या आत शिशाचा छोटा पेला असतो, वीज दिली की तो शिशाचा खास प्रकाश फेकतो, २८३.३ नॅनोमीटरचा. त्या प्रकाशाच्या वाटेत नमुन्याचे अणू मोकळे करून सोडायचे. त्यात शिशाचे अणू असतील तर तेच हा प्रकाश गिळतात, बाकीच्यांना तो नको असतो. किती प्रकाश कमी झाला त्यावरून शिसं किती ते कळतं. तांब्याचा दिवा वेगळा, ३२४.८. कॅडमियमचा २२८.८.

अणू मोकळे करायचे दोन रस्ते. एक ज्योतीचा. हवा आणि अॅसिटिलीन, सुमारे २३०० अंशांची निळसर पट्टी, तिच्यात नमुन्याचा फवारा. झटपट होतं, स्वस्तात होतं. दुसरा ग्राफाइट भट्टीचा, आणि तो मी कितीही वेळ बघत बसेन. बोटाच्या पेराएवढी ग्राफाइटची नळी, तिला वर बारीक भोक. यंत्राचा हात २० मायक्रोलिटरचा थेंब त्या भोकातून आत सोडतो. थेंब फाकत नाही, काळ्या भिंतीवर टिकलीसारखा बसतो. आधी शंभर अंशांच्या थोडं वर नेऊन तो हळू सुकवायचा. घाई केली तर तडतडून उडतो. मग काही शे अंशांवर त्यातलं सेंद्रिय जाळायचं, इतकंच की शिसं स्वतः उडून जाऊ नये. आणि मग एकदम दीड-दोन हजार अंश. नळी पांढरीफटक तापते, पडद्यावर एक टोकदार शिखर उभं राहतं आणि दोन-तीन सेकंदांत खाली येतं. कृष्णेच्या त्या थेंबात जेवढं शिसं होतं त्याचा जबाब तेवढ्या वेळात होऊन जातो.

आयसीपी-एमएस हे यंत्र त्याच्या पुढचं. आर्गॉन वायूच्या हजारो अंशांच्या झोतात नमुना टाकायचा आणि निघालेले आयन वजनानुसार मोजायचे. एका दमात कितीतरी मूलद्रव्यं, आणि तीही अब्जांशाच्या हजाराव्या भागापर्यंत. पण त्यालाही फसवता येतं. आर्गॉनचं वस्तुमान ४० आणि क्लोरिनचं ३५, दोघं चिकटले की ७५, आणि ७५ हेच आर्सेनिकचं. पाण्यात क्लोराइड जास्त असलं आणि काळजी घेतली नाही, तर नसलेलं आर्सेनिक अहवालात येतं. त्यासाठी हेलियम भरलेल्या कप्प्यातून आयन न्यावे लागतात. आमच्या पूर्व भागातल्या मचूळ बोअरचं पाणी आलं की ही गोष्ट डोक्यात ठेवूनच बसावं लागतं.

यंत्राची परीक्षा घ्यायला आम्ही विकतचं पाणी लावतो. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेकडून खऱ्या नदीचं, गाळून आम्ल घातलेलं पाणी बाटलीबंद मिळतं, त्यातल्या प्रत्येक धातूचं प्रमाण प्रमाणित केलेलं असतं. आमचं उत्तर त्याच्याशी जुळलं तरच पुढे जायचं. शिवाय कृष्णेच्याच पाण्यात ठाऊक असलेलं शिसं थोडंसं घालून ते तेवढं परत मिळतंय का हेही बघायचं. कॅनडाची नदी आणि आपली कृष्णा एकाच तबकात शेजारी बसलेल्या बघायला मला अजूनही छान वाटतं.

हे सगळं झाल्यावर अहवालात पुष्कळदा तीनच अक्षरं येतात, बीडीएल. शोधमर्यादेच्या, म्हणजे यंत्राला ओळखू येईल अशा कमीत कमी प्रमाणाच्या, खाली. वाचणारा खूश होतो, शिसं नाही म्हणून. इथं मला हात जोडून सांगावंसं वाटतं, की आधी ती मर्यादा किती हे बघा. ज्योतीच्या यंत्रावर शिशाची शोधमर्यादाच साधारण १० पीपीबीच्या, म्हणजे अब्जात दहा भागांच्या किंवा लिटरला ०.०१ मिलिग्रॅमच्या, आसपास असते, आणि १० पीपीबी हीच तर पिण्याच्या पाण्याची कमाल मर्यादा. म्हणजे त्या यंत्रावर बीडीएल आलेलं पाणी काठावर पास आहे की निर्धास्त, ते त्या अहवालाला सांगताच येत नाही. त्यासाठी भट्टी हवी किंवा आयसीपी-एमएस. आणि शोधमर्यादा ५० छापलेला अहवाल घेऊन कुणी शिसं नाही असं म्हणत असेल, तर त्याला बोलायचा अधिकारच नाही. एका गावच्या पाण्याचा असा अहवाल माझ्या हातात आला होता. ब्लँक नाही, पद्धतीचं नाव नाही, शोधमर्यादा नाही, नुसतं सगळ्या रकान्यांत बीडीएल आणि खाली शिक्का. त्या गावात पोरं आहेत. शिशाची सुरक्षित अशी कुठलीच पातळी माहीत नाही असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते, आणि त्याचा पहिला घाव लहान मुलांच्या वाढत्या मेंदूवर बसतो. असा कागद देणाऱ्याला झोप कशी लागते, हा प्रश्न मला खरोखर पडतो.

उलट बाजूचा अन्यायही मी तितकाच पाहिलाय. तासगावकडचे एक बागायतदार आले होते, विहिरीचं पाणी घेऊन. चेहरा उतरलेला.

"ताई, आमी द्राक्षाला मोरचूद मारतोय, त्येच नदीत जातंय म्हणत्यात. आमच्यामुळं नदी नासली व्हय?"

बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचुदात तांबं असतं, हे खरं. केवडा या द्राक्षाच्या रोगासाठी ते वर्षानुवर्षं मारलं जातंय, हेही खरं. पण ते तांबं सहजासहजी पाण्याबरोबर वाहत नाही. आपल्या काळ्या, चुनखडी जमिनीत ते मातीला घट्ट धरून बसतं. वळवाचा मोठा पाऊस झाला आणि मातीच वाहिली, तर तिच्याबरोबर ओढ्यातून येरळेत, आणि येरळा ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते, तिथवर. शिवाय तांबं सापडलं म्हणजे ते मोरचुदाचंच असंही नाही. महाबळेश्वरपासून कृष्णा ज्या काळ्या कातळावरून येते, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा बसाल्ट मुळातच लोखंड, मँगनीज, तांबं, निकेल बाळगून आहे. शिसं मात्र त्यात फारच थोडं. म्हणून गाळात तांबं जास्त दिसलं तर मी आधी खडकाकडे बघते, आणि शिसं जास्त दिसलं तर माणसाकडे.

आणखी एक मेख आहे. कृष्णेचं पाणी अल्कधर्मी. अशा पाण्यात बहुतेक धातू विरघळून राहण्यापेक्षा बारीक गाळकणांना चिकटून प्रवास करतात. पाणी ०.४५ मायक्रॉनच्या पडद्यातून गाळून मग आम्ल घातलं, तर विरघळलेला धातू कळतो. न गाळता आम्ल घातलं, तर गाळाला चिकटलेलाही सुटा होतो आणि आकडा मोठा येतो. ऑगस्टमधल्या गढूळ पाण्यात या दोन आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो. एकाच दिवशी, एकाच घाटावरून दोघांनी नमुने नेले, एक म्हणाला नदी शुद्ध, दुसरा म्हणाला विषारी, आणि दोघांचीही यंत्रं बरोबर, असं होऊ शकतं. कागदावर फक्त गाळून की न गाळता हे लिहायचं राहिलेलं असतं. त्या बागायतदारांना मी दोन्ही करून दिलं, आणि कुठला आकडा कशाचा हे समोर बसवून सांगितलं. द्राक्षवाल्यांवर सरसकट बोट दाखवणाऱ्यांबद्दल एवढंच म्हणेन, उचलली जीभ लावली टाळ्याला असं नदीच्या बाबतीत करू नये. चोर राहतो बाजूला आणि संन्याशाला सुळी.

उन्हाळ्यात कृष्णेत मासे मेल्याची बातमी येते तेव्हाही हेच होतं. पहिल्या तासात केमिकल हा शब्द सगळ्या गावात पोचलेला असतो, आणि बाटली घेऊन कुणीतरी दारात उभं असतं, यातला धातू काढून द्या म्हणून. मी विचारते, पाण्यातला ऑक्सिजन कुणी मोजला का? मळीमिश्रित किंवा मैल्याचं पाणी नदीत आलं की ते कुजताना ऑक्सिजन खातं. डिग्रज, सांगली, म्हैसाळ असे बंधारे घातलेले, बर्गे बसवलेले, प्रवाह थबकलेला, वरून एप्रिल-मेचं ऊन. मासे गुदमरतात. ऑक्सिजन मोजायचा तर तिथंच, त्याच वेळी, काठावर. दुपारी मोटारसायकलच्या डिकीतून आलेल्या बाटलीत त्याचा पुरावा उरत नाही. धातू बघायचा जरूर, पण तो दुसऱ्या रांगेतला प्रश्न.

आणि त्या दुसऱ्या रांगेत खरी काळजीची गोष्ट आहे. बंधाऱ्यामागं साठलेल्या गाळात लोह आणि मँगनीजची ऑक्साइडं असतात, ती बाकीचे धातू धरून ठेवतात. तळाशी ऑक्सिजन संपला की हीच ऑक्साइडं विरघळायला लागतात आणि धरलेलं सोडून देतात. मैलापाणी आणि धातू हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, पहिला दुसऱ्याला मोकळं सोडतो. शहराचं मैलापाणी कृष्णेत आणणाऱ्या शेरी नाल्याबद्दल सांगलीत कुणाला नव्यानं काही सांगायला नको, पण त्याच्याकडे नुसता वास आणि डास म्हणून बघू नये, असं मी जिथं बोलायची संधी मिळते तिथं बोलते. जपानात जिन्झू नदीच्या पाण्यावर भात पिकवणाऱ्या लोकांची हाडं कॅडमियमनं ठिसूळ झाली. वरच्या अंगाच्या खाणीतून आलेलं कॅडमियम आधी पाण्यात, मग शेतात, मग भातात. सरकारनं तो प्रदूषणाचा आजार म्हणून मान्य केला तो १९६८ साली, त्याआधी कित्येक बायकांचं आयुष्य कण्हण्यात गेलं होतं. आपल्याकडे तशी खाण नाही. पण नदीच्या पाण्यावर शेत पिकवणारी माणसं आपण तीच आहोत, आणि फॉस्फेट खतातून थोडंथोडं कॅडमियम जमिनीत जातं हे जगभर ठाऊक आहे. म्हणून मोजत राहायचं.

एका दिवसाच्या बाटलीवरून नदीची कुंडली मांडता येत नाही, हे मात्र मी सगळ्यांना सांगते, पत्रकारांना तर दोनदा. त्यासाठीच या लेखात कृष्णेच्या धातूंचा एकही आकडा मी दिलेला नाही. एक आकडा सुटा केला की तो गावभर फिरतो, आणि त्याच्याबरोबरचा ब्लँक, ऋतू, ठिकाण, गाळण सगळं मागे राहतं. हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते, तिथं संगमाच्या खाली दोन्ही प्रवाह बराच वेळ एकमेकांत न मिसळता शेजारून चालतात. डाव्या काठाचं पाणी एका नदीचं, उजव्या काठाचं दुसरीचं. तिथं कुठे उभं राहून बाटली भरली यावर उत्तर बदलतं. डावा काठ, मध्य, उजवा काठ, आणि हेच पावसाळ्यात, हिवाळ्यात, उन्हाळ्यात, निदान दोन-तीन वर्षं. तेव्हा कुठं नदीबद्दल काही म्हणता येईल. याला लागतात धुतलेल्या बाटल्या, चांगलं आम्ल आणि धीर. नदीकाठच्या महाविद्यालयांनी हे वाटून घेतलं तर ते होण्यासारखं आहे, रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणींच्या मी त्यासाठी मागे लागलेली आहे.

सध्या मात्र माझं लक्ष पाण्यापेक्षा मातीवर आहे. पूर येतो तेव्हा नदी आपला गाळ काठावर ठेवून जाते. २००५ ला गेली, २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर चढलं तेव्हा गेली, २०२१ ला पुन्हा. न नांगरलेली, न उकरलेली जागा मिळाली तर त्या थरांत मधल्या वर्षांची नोंद असू शकते. २००० साली पेट्रोलमधलं शिसं गेलं, त्याच्या आधीच्या थरात आणि नंतरच्या थरात फरक पडलाय का? २००५ च्या पुरात हरिपूरच्या, हळद साठवायच्या जमिनीखालच्या पेवांत पाणी शिरलं, त्या जुन्या पेवांच्या कडेला कुठे तो गाळ हात न लागता राहिलाय का? हे मला बघायचं आहे. तिथल्या एका काकांनी त्यांच्या वावराच्या बांधाकडेला खड्डा घ्यायला परवानगी दिलीय. ते लगेच कुदळ घेऊन निघाले होते. लोखंडी कुदळीनं खणलं तर थराच्या तोंडाला लोखंड घासतं, त्यामुळे खणायचं कुदळीनंच, पण शेवटचे दोन इंच प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडून टाकायचे आणि आतली माती तेवढी घ्यायची, असं आमचं ठरलंय. वरून खाली न्यायचं नाही, खालून वर यायचं, म्हणजे वरची माती खालच्या थरात सांडणार नाही. वावरात हळद उभी आहे, ती निघाल्यावर फेब्रुवारीच्या शेवटी जायचं. दर दोन सेंटिमीटरला एक पिशवी धरली तर पिशव्या बऱ्याच लागतील, त्या आणि त्यांच्याबरोबरचे ब्लँक तयार करायला नव्या मुलींपैकी दोघींनी या आठवड्यापासून सुरुवात केलीय.